आभासी कर्मशाळा आणि अनुदानाचा पैसा
(ज्ञातिसंमेलनात दिलेले भाषण)



आपल्या विद्यार्थी-साहाय्यक निधीतून शाळेच्या तांत्रिक वर्गासाठी आभासी वास्तवाची, म्हणजे व्हर्च्युअल रिअॅलिटीची, उपकरणे घ्यावीत, अशी सूचना काही तरुण बंधूंनी कार्यकारी मंडळापुढे मांडली आहे. तिच्याविषयी दोन शब्द बोलण्याची आज्ञा झाली, म्हणून उभा आहे. नव्या सूचनेची टवाळी करणे आम्हा वृद्धांना फार सोपे असते. तो मार्ग मी टाळणार आहे.

हे उपकरण म्हणजे डोळ्यांवर चढवावयाची एक पेटी होय. ती चढविली की मुलाला समोर कर्मशाळा दिसू लागते. तो वेल्डिंग करू लागला की हाताचा कोन, पत्र्यापासूनचे अंतर आणि हात सरकविण्याचा वेग यंत्र मोजते व चूक तेथल्या तेथे दाखविते. पत्रा वाया जात नाही, रॉड संपत नाही, हात भाजत नाही. नवशिक्याला पन्नास वेळा चुकण्याची मुभा खऱ्या कामावर कोण देणार? हा गुण मी मोठा मानतो. परंतु तप्त लोखंडाची धग, धूर आणि अंगावर उडणाऱ्या ठिणग्या त्या पेटीत नाहीत. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या ऐरण होती, त्यांना याचा अर्थ मी सांगावयास नको.

अशा उपकरणांवर अनुदानाचा पैसा अमेरिकेतील कित्येक शाळांनी खर्चिला आहे, म्हणून तेथला दाखला पाहू. धंदेशिक्षणाला मध्यवर्ती सरकारचे साहाय्य तेथे १९१७ च्या कायद्यापासून मिळत आले आहे. आजचा कायदा कार्ल पर्किन्स या लोकप्रतिनिधीच्या नावाने १९८४ साली झाला आणि २०१८ साली सुधारला गेला. त्याखाली वर्षाला सुमारे १४० कोटी डॉलर वाटले जातात. त्यातील दोन अटी मला फार शहाणपणाच्या वाटतात. पहिली, परिसरातील उद्योगांना कोणते कारागीर हवेत आणि शाळेत काय उणे आहे, याची पाहणी निदान दर दोन वर्षांनी करावी लागते व खर्च तिला धरूनच करावा लागतो. दुसरी, राज्याने वा शाळेने एरवी करावयाचा खर्च या अनुदानावर ढकलता येत नाही.

याउलट साथीच्या काळातील पैसा. २०२१ साली तेथील शाळांना सुमारे १२२ अब्ज डॉलरचे संकटसाहाय्य मंजूर झाले, आणि ते कशावर खर्चावयाचे हे ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत ठरविण्याचे बंधन होते. मुदतीचा पैसा हातात असला की मनुष्य वस्तू घेतो. वस्तू चालविण्याचा खर्च नंतरच्या वर्षांवर पडतो. या पेट्यांतील पाठांचे शुल्क बहुधा दरवर्षी भरावे लागते. ते थांबले की पाठही थांबतात. शिवाय, कंपनीनेच हात काढून घेतला तर? गूगल कंपनीचा 'एक्सपिडिशन्स' हा शाळांसाठीचा आभासी सहलींचा उपक्रम ३० जून २०२१ नंतर बंद झाला. ज्यांनी त्यासाठी पेट्या घेतल्या होत्या, त्यांच्यापाशी पेट्या उरल्या, सहली गेल्या.

आपला निधी लहान आहे. तो विधवा भगिनींच्या पाच-पाच रुपयांच्या वर्गणीतूनही जमला आहे. म्हणून माझी मंडळाला विनंती अशी की, सूचना फेटाळू नये, पण एकदम वर्गभर पेट्याही घेऊ नयेत. आपल्यातील जे बंधू कारखाने चालवितात, त्यांना कसला कारागीर मिळत नाही ते प्रथम विचारावे. उत्तर वेल्डिंग असे आले, तर एकच संच घ्यावा, तीन वर्षांचे शुल्क बाजूला काढून ठेवावे आणि उरलेल्या रकमेतून पत्रा, रॉड व चामडी हातमोजे आणावेत. पेटीवर हात बसला की त्याच आठवड्यात मुलगा खऱ्या कामापाशी उभा राहिला पाहिजे. तत्पूर्वी ती पेटी महिनाभर शिक्षकाच्या स्वाधीन करावी. आणि मंडळाच्या पुढील बैठकीस विक्रेता येणारच आहे. त्याच्यासमोर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील एखाद्या अनुभवी निदेशकासही बसवावे, आणि प्रश्न त्यांना विचारू द्यावेत.