शिष्यवृत्ती बुटांपासून सुरू व्हावी

(उट्रेक्ट येथील वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संक्षिप्त मजकूर)



ज्या देशातला युरोपच्या भूमीवरचा सर्वांत उंच डोंगर जेमतेम ३२२ मीटरचा, तिथे गिर्यारोहणावर बोलायचं म्हणजे गंमतच. पण विषय डोंगरांपेक्षा मुलांचा आहे. महाराष्ट्रातल्या कॉलेजच्या मुलामुलींना गिर्यारोहणाच्या बेसिक कोर्ससाठी आपण शिष्यवृत्ती द्यावी, असा प्रस्ताव आहे. माझा त्याला पूर्ण पाठिंबा आहे. शिष्यवृत्ती नेमकी कशासाठी द्यायची, एवढ्यावरच मी बोलणार आहे.

डोंगरात नेतृत्व शिकवतात म्हणजे काय? १९४१ साली, महायुद्ध चालू असताना, कुर्ट हान यांनी वेल्समध्ये आउटवर्ड बाउंडची पहिली शाळा काढली, ती तरुण खलाशांना संकटात तग धरता यावा म्हणून. १९६५ मध्ये पॉल पेट्झोल्ट यांनी अमेरिकेत नॉल्स सुरू केली. तिथे विद्यार्थी आळीपाळीने त्या त्या दिवसाचे नेते होतात. आपल्याकडे दार्जिलिंगची संस्था १९५४ ची, उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ ची. इथे मुलांच्या छोट्या तुकड्या करतात, त्यांना 'रोप' म्हणतात, आणि प्रत्येक रोपला एक लीडर असतो. सगळ्यांत हळू चालणाऱ्याला सोबत घेऊनच तळावर पोचायचं असतं. माईक हातात आला की नेतृत्व आलं, असं मानणाऱ्या आपल्या समाजाला या शिक्षणाची फार गरज आहे.

पण ते मिळतं कोणाला? बहुतेक वेळा शहरातल्या ट्रेकिंग क्लबांशी ओळख असलेल्यांना. कळसूबाईच्या पायथ्याशी बारी नावाचं गाव आहे. शहरातले ट्रेकर तिथे उतरतात, पिठलं-भाकरी खातात, गावातला एखादा मुलगा त्यांना वाट दाखवतो. डोंगर त्याच्या पायाखालचा, पण प्रशिक्षक म्हणून नोकरी मागायला गेला की त्याच्याकडे प्रमाणपत्र नसतं.

फी माफ केली की हा मुलगा कोर्सला जाईल, असं आपल्याला वाटतं. पण या संस्थांची फी सरकारी मदतीमुळे त्या मानाने कमीच असते. खरा खर्च इतरत्र असतो. कोर्स साधारण चार आठवड्यांचा. तेवढे दिवस घरची मजुरी बुडते. उत्तरकाशीपर्यंतचा प्रवास, बूट, गरम कपडे. त्याहून महत्त्वाची म्हणजे तयारी. बेसिकमध्ये 'ए' ग्रेड मिळाली तरच अॅडव्हान्स कोर्सला प्रवेश मिळतो. तयारीविना गेलेला मुलगा 'बी' घेऊन परतला, तर त्याची पुढची वाट तिथेच अडते.

तयारी मिळाली तर काय होतं, हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. आदिवासी विकास विभागाच्या 'मिशन शौर्य'मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांच्या विद्यार्थ्यांना कित्येक महिने प्रशिक्षण दिलं गेलं आणि मे २०१८ मध्ये त्यांच्यातले पाच जण एव्हरेस्टच्या शिखरावर पोचले. त्यांचं कौतुक आहेच. पण त्या वर्षी नेपाळचा एव्हरेस्टचा नुसता परवाना माणशी ११,००० डॉलरचा होता. तेवढ्यात डझनाहून कितीतरी जास्त मुलांच्या बेसिक कोर्सची फी भरता आली असती. सरकारला शिखर लागतं, कारण शिखराचा फोटो निघतो. आपल्याला फोटोची गरज नाही.

इथे नेदरलँड्समध्ये पाहा. स्काउटच्या कॅम्पमध्ये मुलांना रात्री जंगलात सोडतात आणि त्यांनी गटाने परत यायचं असतं. याला 'ड्रॉपिंग' म्हणतात. माझी मुलगीही गेली होती. कोणाला त्यात विशेष वाटलं नाही. ते निवडक मुलांसाठी नसतं, एवढंच विशेष. आणि ज्या घरांना क्लबची वर्गणी परवडत नाही, त्यांच्यासाठी 'युख्तफॉन्ड्स स्पोर्ट एन कल्टूर' आहे. तिथे अर्ज शिक्षकासारखी मधली व्यक्ती करते, पैसे थेट क्लबला जातात, आणि गरज असेल तर बूट-कपड्यांसाठीही मदत होते. मुलाला आपली गरिबी कोणासमोर मांडावी लागत नाही.

हेच आपण उचलावं. अर्ज कॉलेजच्या शिक्षकांनी करावा. मुलीला चार आठवडे पाठवायला घरचे कचरतात, तिथेही ओळखीच्या शिक्षकाचा शब्द उपयोगी पडतो. आपल्या रकमेत बूट, प्रवास, बुडालेली मजुरी, सह्याद्रीतला काही महिन्यांचा सराव आणि विमा, सगळं धरावं. विमा मुद्दाम म्हणतो. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का डांडा इथल्या हिमस्खलनात उत्तरकाशीच्या अॅडव्हान्स कोर्सचे दोन डझनांहून अधिक प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक गेले. त्याच वर्षी एव्हरेस्ट चढलेल्या सविता कंसवाल त्यांत होत्या. हा धोका घरच्यांना त्यांच्या भाषेत, आधी सांगितला पाहिजे. त्यांनी नकार दिला, तर तो मानलाही पाहिजे.

एक व्यावहारिक गोष्ट. ज्यांच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे, त्यांनी स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी भारतीय कायद्याने परकीय ठरत नाही. डच नागरिकत्व घेतलेल्यांची ठरते, ओसीआय कार्ड असलं तरी; ती एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच देता येते. तेव्हा हिशेब पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवू या.

माझी सूचना एवढीच: पन्नास जणांची फी भरण्याऐवजी पहिल्या वर्षी पाचच जणांना पूर्ण मदत करू, आणि त्यांत निदान तीन मुली असाव्यात. ते परत आल्यावर पुढच्या पाच जणांचा सराव त्यांनी घ्यावा, आणि त्याचं मानधन आपण द्यावं. प्रमाणपत्र हातात पडतं तिथे शिष्यवृत्ती संपली, असं आपण धरू नये.