विचारा, वेळ वाचेल : विज्ञान ग्रंथालयाच्या काउंटरवरून

 

मी महाराष्ट्राबाहेरच्या एका विद्यापीठाच्या विज्ञान ग्रंथालयात काम करते. आज मी आमच्याकडे मिळणाऱ्या सेवांबद्दल बोलणार आहे. विषय कोरडा वाटेल. पण तुमच्या घरात कुणी एम.एस्सी. किंवा पीएच.डी. करत असेल, तर ही काही मिनिटं त्यांच्यासाठी आहेत.

परीक्षा जवळ आली की आमच्या वाचनकक्षाबाहेर सकाळी दार उघडायच्या आधीच रांग लागते. मुलं येतात, दिवसभर बसतात, संध्याकाळी जातात. चांगलंच आहे ते. पण त्यांतली बहुतेक मुलं खुर्ची, पंखा आणि वायफाय एवढंच वापरतात. काउंटरवर येऊन काही विचारत नाहीत. आणि ग्रंथालयाची खरी सेवा तर विचारल्यावरच सुरू होते.

डॉ. एस. आर. रंगनाथन हे मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडणारं पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यांचा जन्मदिवस, १२ ऑगस्ट, आपल्याकडे ग्रंथपाल दिन म्हणून साजरा होतो. त्या पाच नियमांतला चौथा नियम आहे, वाचकाचा वेळ वाचवा. विज्ञानात या नियमाला फार मोल आहे. दोन वर्षं प्रयोग केल्यावर कळावं, की हेच काम आधीच कुणीतरी करून छापलंय, तर ती दोन वर्षं परत कोण देणार?

आता हा वेळ वाचतो कसा, ते सांगते. समजा, एक विद्यार्थी आला आणि म्हणाला, “मॅडम, पाणी शुद्धीकरणावर काहीतरी द्या.” मी लगेच कपाटाकडे जात नाही. आधी विचारते, पाण्यातून काय काढायचंय? तो म्हणतो, आर्सेनिक. कशाने काढणार? भाताच्या तुसाच्या राखेने. पाणी विहिरीचं की कारखान्याचं? विहिरीचं. झालं! तीन प्रश्नांत समुद्राएवढा विषय ओंजळीत आला. मग आम्ही दोघं मिळून शोधाचे शब्द ठरवतो आणि स्कोपस, वेब ऑफ सायन्स यांसारख्या सूचींत शोधतो.

रसायनशास्त्रात आणखी एक गंमत असते. एकाच पदार्थाला अनेक नावं असतात. कुणी ॲस्पिरिन लिहितं, कुणी ॲसिटिलसॅलिसिलिक ॲसिड. म्हणून केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स सर्व्हिस ही संस्था प्रत्येक पदार्थाला एक क्रमांक देते. ॲस्पिरिनचा आहे ५०-७८-२. नुसत्या नावाने शोधलं तर बरंच निसटतं, क्रमांकाची जोड दिली की हाताला लागतं. ही युक्ती शिकायला पाच मिनिटं पुरतात.

पुढची अडचण पैशांची. संशोधनलेख सापडतो, पण उघडायला गेलं की प्रकाशक तीस-चाळीस डॉलर मागतो. इथे एक गोष्ट नीट ऐका. केंद्र सरकारने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या योजनेला मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. केंद्र आणि राज्य सरकारांच्या ६,३०० हून अधिक संस्था त्यात येतात. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र या कामाचा समन्वय पाहतं. तुमची संस्था यादीत आहे का आणि घरी बसून लॉगिन कसं करायचं, हे ग्रंथालयात विचारा. लेख त्यातही नसेल, तर दुसऱ्या ग्रंथालयाकडून मागवायची सोय असते. आणि भारतातल्या विद्यापीठांचे लाखो पीएच.डी. प्रबंध ‘शोधगंगा’वर कुणालाही फुकट वाचता येतात. विषय नक्की करण्याआधी तिथे एक फेरी माराच.

मागे आमच्याकडे एक मुलगी आली. खेड्यात मराठी माध्यमात शिकलेली, घरापासून हजार किलोमीटरवर एम.एस्सी. करणारी. तिने मेसच्या पैशांतून दोन लेख विकत घेतले होते. ते दोन्ही आमच्या संगणकावर मोफत उघडत होते. मी विचारलं, “अगं, आधी का नाही आलीस?” ती म्हणाली, “ताई, इंग्रजीत विचारायला जमेना, आणि हिंदीत विचारलं तर हसतील असं वाटलं.”

मंडळी, तिच्या अडचणीचं मूळ या भीतीत होतं. त्यानंतर आम्ही आठवड्यातून एक तास फक्त प्रश्नांसाठी ठेवला. मराठी, तमिळ, बंगाली, ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत चिठ्ठीवर लिहून आणा. आमच्यापैकी कुणाला तरी ती भाषा येतेच. नाही आली तर वाचनकक्षातून कुणाला तरी बोलावतो. आता त्या तासाला बसायला जागा कमी पडते. आणि ती मुलगी नव्या मुलांना शोध कसा घ्यायचा ते शिकवायला येते, अगदी ठणठणीत आवाजात!

एक सावधगिरीची सूचना. “दोन दिवसांत लेख छापू, एवढे हजार भरा,” असे ईमेल विद्यार्थ्यांना सर्रास येतात. २०२५ मध्ये यूजीसीने नियतकालिकांची ‘केअर’ यादी बंद केली. त्यामुळे पारख करायची जबाबदारी आता विद्यापीठांवर आणि तुमच्यावर आहे. संपादक म्हणून छापलेली माणसं खरंच त्या संस्थेत आहेत का? नियतकालिक ज्या सूचीचं नाव सांगतं, त्या सूचीत ते सापडतं का? पैसे भरण्याआधी आम्हाला दाखवा. एकदा लेख तिथे छापला गेला, की तो मागे घेणं महाकठीण असतं.

तर शेवटी विनंत्या दोनच. विद्यार्थ्यांनो, या आठवड्यात तुमच्या ग्रंथालयात जा आणि एक प्रश्न विचारा. मोडक्यातोडक्या भाषेत विचारलात तरी चालेल. आणि आईबाबांनो, फोनवर “जेवलास का, जेवलीस का?” विचारता ना, त्याबरोबर “ग्रंथपालांशी बोललीस का?” हेही विचारत जा.