लॉगइन स्क्रिप्ट आणि यंत्राची ओळख

शासन वर्षातील ठरावीक काळ नागपूरला असावे आणि विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन तेथे भरावे, असे १९५३ च्या नागपूर करारात ठरले. हिवाळी अधिवेशनासाठी मंत्रालयातील मंडळी दप्तरासह नागपूरला येऊ लागली ती त्यामुळेच. पूर्वी हे दप्तर पेट्यांतून येई; आता त्याचा बराच भाग संगणकात असतो. बाहेरगावाहून आलेल्या कर्मचाऱ्याने समोरच्या संगणकावर आपले नाव व परवलीचा शब्द टाकताच त्याचे सामाईक फोल्डर आणि जवळचा प्रिंटर जोडला जावा, ही अपेक्षा रास्तच होय. एकाच डोमेनमध्ये जोडलेल्या विंडोज संगणकांवर जी छोटी आज्ञावली हे काम करते, तिला लॉगइन स्क्रिप्ट म्हणतात.

ही आज्ञावली माणसाच्या मागोमाग जाते. समोरचे यंत्र कोणते, हे ती आपणहून पाहत नाही. संगणकव्यवस्था सांभाळणारा कर्मचारी दुपारी आपल्या मेजावर पत्रे लिहितो आणि सायंकाळी दुरुस्तीसाठी सर्व्हरवर प्रवेश करतो. तेथेही तीच आज्ञावली चालू शकते आणि नको असलेले प्रिंटर सर्व्हरला जोडले जातात. एखादी आज्ञावली नवे सॉफ्टवेअर बसवून संगणक पुन्हा सुरू करणारीही असते. मेजावर त्याची किंमत पाच मिनिटे. परंतु विधिमंडळातील प्रश्नांची उत्तरे ज्या सर्व्हरवर तयार होत आहेत तोच मध्ये बंद पडला, तर साऱ्या विभागाचे काम खोळंबेल.

तेव्हा आज्ञावलीने प्रथम यंत्राची ओळख विचारली पाहिजे. आवृत्तीचा क्रमांक येथे उपयोगी पडत नाही. विंडोज ७ आणि विंडोज सर्व्हर २००८ आर२ या दोहोंचा क्रमांक ६.१ च होता. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती आणि विंडोज सर्व्हर २०२५ यांचा तर बिल्ड क्रमांकही २६१०० हा एकच आहे. दोहोंचा गाभा समान असल्याने यात नवल नाही. नावात ठरावीक शब्द शोधणेही बेभरवशाचे, कारण नावाची ठेवणच बदलत आली: आधी ‘विंडोज २००० सर्व्हर’ होते, नंतर ‘विंडोज सर्व्हर २००३’ झाले.

खात्रीची माहिती प्रणाली स्वतःच देते. डब्ल्यूएमआय या व्यवस्थेकडे परिचालन प्रणालीचा ‘प्रॉडक्ट टाइप’ विचारला असता उत्तर १, २ किंवा ३ असे येते. १ म्हणजे मेजावरील संगणक, २ म्हणजे डोमेन कंट्रोलर आणि ३ म्हणजे इतर सर्व्हर.

एवढे ठाऊक असूनही एक चूक सहज घडू शकते. ‘उत्तर ३ असेल तर थांब’ अशी अट लिहिली जाते. ती वाचायला निर्दोष वाटते. पण डोमेन कंट्रोलरचे उत्तर २ असते. म्हणजे कार्यालयातील सर्वांची ओळख पटविणारे, सर्वाधिक जपण्याजोगे यंत्रच या पहाऱ्यातून निसटते! म्हणून अट उलट बाजूने लिहावी: उत्तर १ असेल तरच पुढे जा, एरवी थांब. उत्तरच मिळाले नाही, तरी थांबणे श्रेयस्कर. प्रिंटर न जोडल्याची तक्रार लगेच येते आणि तिचे निवारणही लगेच होते. हीच चौकशी ग्रुप पॉलिसीच्या डब्ल्यूएमआय फिल्टरमध्येही ठेवता येते. मग सर्व्हरवर आज्ञावली सुरूच होत नाही.

एक अपवाद मात्र ध्यानात ठेवावा लागतो. काही ठिकाणी अनेक कर्मचारी दुरून एकाच सर्व्हरवर प्रवेश करून आपले रोजचे काम करतात. अशा यंत्राचे उत्तर ३ च येते, पण तेथे बसणाऱ्यांना फोल्डर आणि प्रिंटर दोन्ही हवे असतात. अशा सर्व्हरांचा डोमेनमध्ये वेगळा गट करून त्यांच्यासाठी निराळी आज्ञावली ठेवावी. तिच्यात सॉफ्टवेअर बसविण्याची किंवा यंत्र पुन्हा सुरू करण्याची एकही ओळ नसावी.