अस्सल मोटार घ्यावी की न घ्यावी?

जुनी वस्तू विकत घेण्याचा प्रसंग आला म्हणजे भल्याभल्या व्यवहारी माणसांची मती गुंग होते. वस्तू मोडकी असेल तर निर्णय लवकर होतो. दुरुस्तीचा खर्च किमतीत मिळवावा आणि झेपत असेल तर घ्यावी. वस्तू दुरुस्त करून नवी केलेली असेल, तरीही फारशी अडचण नसते. खरा पेच पडतो तो जुनी असूनही जिला कोणी हात लावलेला नाही, अशा वस्तूपुढे. अमेरिकेतील अनेक हौशी माणसांपुढे हा पेच एका विशिष्ट जातीच्या मोटारींनी टाकला आहे. त्यांना तिकडे 'मसल कार' म्हणतात. पीळदार दंडाची मोटार, असा त्याचा अर्थ करता येईल.

या मोटारींची कुळकथा सांगण्यासारखी आहे. जनरल मोटर्स या कंपनीने 1963 च्या आरंभी आपल्या सर्व शाखांना शर्यतींतून अंग काढून घेण्यास सांगितले. मध्यम आकाराच्या गाडीत 330 घन इंचांहून मोठे इंजिन बसवू नये, असाही तिचा दंडक होता. पाँटिॲक या शाखेचे मुख्य अभियंते जॉन डिलोरियन आणि त्यांचे सहकारी यांनी या दंडकातून पळवाट शोधली. टेंपेस्ट नावाच्या मध्यम गाडीत त्यांनी मोठ्या गाडीचे 389 घन इंचांचे इंजिन बसविले आणि तिला नवी गाडी न म्हणता, ग्राहकाने मागितल्यास सुमारे 295 डॉलर जादा घेऊन द्यावयाची सोय म्हटले. या सोयीचे नाव जीटीओ. 389 घन इंच म्हणजे जवळजवळ 6.4 लिटर. त्याच काळी मुंबईच्या रस्त्यांवर धावणाऱ्या फियाट अकराशेचे इंजिन 1.1 लिटरचे होते, हे लक्षात घेतले म्हणजे या दांडगाईची कल्पना येईल. 1964 च्या पहिल्याच हंगामात 32,450 जीटीओ खपल्या.

मग इतर कंपन्याही या चढाओढीत उतरल्या. 1970 मध्ये शेव्हरोलेची शेव्हेल ही गाडी 454 घन इंचांच्या आणि 450 अश्वशक्तीच्या इंजिनासह मिळू लागली. तेथून उतार लागला. तरुण चालकांच्या विम्याचे हप्ते भरमसाट वाढले. हवेच्या शुद्धतेसाठी 1970 मध्ये झालेल्या कायद्यामुळे धुरावर निर्बंध आले. आणि 1973 च्या तेलटंचाईने उरलीसुरली हौस फेडली. दहा वर्षांत सारा खेळ आटोपला.

या मोटारी श्रीमंतांच्या दिवाणखान्यासाठी घडविलेल्या नव्हत्या, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. पगारदार तरुणाला परवडेल अशा किमतीत वेग विकावा, एवढाच त्यांमागचा हेतू होता. त्या वापरून संपवावयाच्या होत्या आणि तरुणांनी त्या तशाच संपविल्या. कोणी इंजिन बदलले, कोणी भडक रंग दिला, कोणी त्या झाडांवर आदळल्या. उत्तरेकडील राज्यांत हिवाळ्यात रस्त्यांवरचे बर्फ वितळविण्यासाठी मीठ टाकतात. त्या मिठाने उरलेल्यांचे पत्रे खाल्ले. म्हणूनच कारखान्यातून निघाली तशीच, मूळ रंगासह आणि मूळ इंजिनासह आजवर राहिलेली गाडी दुर्मीळ झाली आहे.

अशा एका मोटारीपुढे उभा असलेला ओहायो राज्यातील एखादा सेवानिवृत्त गृहस्थ डोळ्यांपुढे आणावा. 1964 मध्ये तो अठरा वर्षांचा होता आणि किराणा दुकानात पोती उचलीत होता. शेजारच्या तरुणाने जीटीओ आणली, तेव्हा तिचा आवाज ऐकूनच त्याला समाधान मानावे लागले. पुढे संसार, मुलांची शिक्षणे, घराचे हप्ते यांत साठ वर्षे निघून गेली. आज हाताशी थोडी शिल्लक आहे, आणि जवळच्या गावी एका वृद्धाच्या पश्चात त्याची मुलगी वडिलांची जीटीओ विकावयास निघाली आहे. गाडी एकाच मालकाची आहे. रंग कारखान्याचाच, पण छपरावर फिका पडलेला. आसनाच्या शिवणी एके ठिकाणी उसवलेल्या. किंमत त्याच्या शिलकीचा मोठा घास घेणारी आहे.

त्याच्यापुढे पहिला प्रश्न सत्याचा आहे. गाडी खरोखरच अस्सल आहे काय? 1964 आणि 1965 या दोन वर्षांत जीटीओ ही स्वतंत्र गाडी नव्हती. त्यामुळे गाडीच्या क्रमांकावरून ती जीटीओ की साधी गाडी हे कळत नाही. 1966 पासून तिला स्वतंत्र मालिका मिळाली, तेव्हापासून क्रमांक बोलू लागला. परिणामी साध्या गाडीला बिल्ले लावून आणि मोठे इंजिन बसवून तिची जीटीओ करणे कठीण नाही, आणि असे उद्योग पुष्कळ झाले आहेत. सुदैवाने पाँटिॲकच्या जुन्या बिलांच्या नोंदी जतन झाल्या असून शुल्क भरल्यास त्यांच्या प्रती मिळतात. कोणत्या क्रमांकाची गाडी कोणकोणत्या सोयींसह कारखान्यातून निघाली, ते त्यांवरून पडताळता येते. हा कागद हाती आल्यावाचून पैशाची थैली सोडू नये, हा पहिला नियम.

कागदानंतर प्रत्यक्ष तपासणी. मऊ फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्यावरून फिरवावे. जेथे ते धरत नाही, तेथे गंज कापून लांबी भरलेली असण्याचा संभव असतो. मागील डिकीतील गालिचा उचलून तळ पाहावा. दारांच्या रबरी पट्ट्यांवर रंगाचे शिंतोडे दिसले, तर गाडी पुन्हा रंगविली गेली असे समजावे. काचांवर त्या कधी बनल्या याच्या खुणा असतात, इंजिनाच्या ओतीव भागांवरही तारखा असतात. या साऱ्या तारखा गाडीच्या जन्मतिथीच्या थोड्या आधीच्याच असावयास हव्यात. एखादी खूण मागाहूनची निघाली, तर तिचा खुलासा विचारावा. एखादी काच बदललेली असणे हा गुन्हा नव्हे. ती बदलली नाही असे सांगणे हा गुन्हा होय.

समजा, गाडी या साऱ्या कसोट्यांना उतरली. येथे बहुतेक खरेदीदार हिशेब पुरा झाला असे मानतात. वास्तविक तो येथे सुरू होतो. त्या काळच्या जीटीओच्या चारही चाकांना ड्रमचे ब्रेक असत आणि त्या चारही ब्रेकांना तेल पुरविणारी व्यवस्था एकच होती. कोठेही एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. कारखान्याच्या वेळचे टायर अजून टिकले असतील, तर ते पाहण्यापुरतेच खरे. साठ वर्षांच्या रबरावर वेगाने जाणे हा जिवाशी खेळ आहे. इंजिन शिसे मिसळलेल्या उच्च प्रतीच्या पेट्रोलसाठी घडविलेले. असे पेट्रोल रस्त्यावरील वाहनांसाठी विकण्यास अमेरिकेत 1996 च्या आरंभापासून बंदी आहे. आजच्या पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉल जुन्या नळ्यांना मानवत नाही. गाडी खरोखर चालवावयाची तर नळ्या, टायर, ब्रेकचे काही भाग बदलणे भाग आहे. आणि बदलले की 'जशीच्या तशी' या शब्दांतून एकेक अक्षर गळू लागते.

यावर एक मध्यममार्ग आहे. जे बदल परत फिरविता येतात तेवढेच करावेत. टायर, नळ्या, पट्टे नवे घालावेत आणि काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून पेटीत जपून ठेवावा. परंतु रंग, आतील कापड, इंजिन आणि सांगाडा यांना हात लावू नये. फिकट रंग पुन्हा चकचकीत करता येतो, पण तो पुन्हा जुना करता येत नाही. कोणत्या कामगाराने कोठे रंग जाड ओतला, कोणता स्क्रू तिरका बसविला, हे अशाच गाड्या सांगू शकतात. त्यांच्या आधारेच इतर मोडक्या गाड्यांची दुरुस्ती बिनचूक होते. त्या दृष्टीने अशी मोटार हा एक दस्तऐवज आहे, आणि दस्तऐवजावर कोणी शाई ओतत नाही.

आता आपल्या गृहस्थाकडे वळावे. त्याला ही मोटार मिळाली, तर तो तिचा धनी होईल की राखणदार? पावसात ती बाहेर काढता येणार नाही. नातवंडांना मागे बसवून आइस्क्रीम खावयास नेता येणार नाही, कारण उसवलेल्या शिवणी आणखी उसवतील. दर शंभर मैलांमागे आपण काहीतरी झिजविले, ही टोचणी राहील. ज्याला जतन करण्यातच आनंद आहे, ज्याच्याकडे कोरडी जागा आहे, सवड आहे आणि पुढे ती सांभाळील असा वारस आहे, त्याने अशी मोटार अवश्य घ्यावी. त्याच्याइतका योग्य धनी तिला मिळणार नाही. परंतु 1964 मध्ये त्या किराणा दुकानातल्या मुलाला हवे होते ते काय? रंगाचा मूळ थर त्याला नको होता. पायाखाली दाबलेला वेग आणि उघड्या खिडकीतून येणारा तो आवाज, एवढेच त्याला हवे होते.

हे स्वतःशी कबूल करण्यास त्या गृहस्थाला तीन आठवडे लागले असे समजू या. चौथ्या आठवड्यात तो दुसऱ्या गावी जातो आणि नीट दुरुस्त केलेली, ब्रेक सुधारलेली, निम्म्या किमतीची जीटीओ घेऊन घरी येतो. तिचे इंजिन मूळचे नाही, रंगही मूळचा नाही; पण पुढच्याच रविवारी नातवंडे मागच्या आसनावर बसलेली असतात.

त्याआधी मात्र तो एक काम करतो. त्या वृद्धाच्या मुलीला दूरध्वनी करून आपला नकार कळवितो, आणि अमुक कागद मागवून घ्या, असे सांगतो. शेवटी एवढेच म्हणतो, "बाई, गिऱ्हाईक लवकर मिळावे म्हणून तिला रंग मात्र देऊ नका."