चोरी, माफी आणि मेसची कुपनं

(या आठवड्याच्या भागाचं शब्दांकन. भाषा बोलल्यासारखीच ठेवली आहे, फक्त माझे "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" थोडे कमी केलेत.)

 

आजचा विषय आहे चोरी. ज्यू आणि ख्रिस्ती धर्मग्रंथ चोरीबद्दल काय शिकवतात, ते बघायचंय. मी धर्मगुरू नाही आणि अभ्यासकही नाही. बीटेक केलं, दिवसभर कोड लिहितो. पण गेले काही महिने मी हे सगळं वाचत होतो आणि त्याला एक कारण होतं. ते आधी सांगून टाकतो. ते लपवून या विषयावर बोलणं मला जमणार नाही.

सेकंड इयरला असताना आमच्या हॉस्टेलजवळ एका काकांची मेस होती. महिन्याचे पैसे भरले की रंगीत कागदाची कुपनं मिळायची. जेवायला गेलं की एक कुपन डब्यात टाकायचं आणि ताट घ्यायचं. आमच्यातल्या एकाला शोध लागला की कुपनाची कलर झेरॉक्स काढली तर रात्रीच्या गर्दीत कोणाच्या लक्षात येत नाही. मग काय, आम्ही चार-पाच जण सुरूच झालो. मी अशी ४२ जेवणं जेवलो. आकडा पक्का आहे, कारण वहीच्या शेवटच्या पानावर मी रेघा मारून ठेवत होतो. हो, चोरीचासुद्धा हिशोब! थाळी तेव्हा ४५ रुपयांची होती. पुढच्या वर्षी मेस बंद झाली. आमच्यामुळे की जागेच्या भाड्यामुळे, देव जाणे. आम्ही पकडलो गेलो नाही, डिग्री मिळाली, नोकरी लागली, विषय संपला.

तर तो संपला नव्हता. आता ग्रंथांकडे येतो.

मोशेला मिळालेल्या दहा आज्ञा तुम्ही ऐकल्या असतील. बायबलमध्ये त्या दोनदा येतात, निर्गम या पुस्तकात आणि अनुवाद या पुस्तकात. त्यातली एक आज्ञा चोरीला मनाई करते. ज्यू आणि बहुतेक प्रोटेस्टंट मोजणीत ती आठवी, कॅथलिक मोजणीत सातवी. मूळ हिब्रूत फक्त दोन शब्द. अट नाही, अपवाद नाही, शिक्षाही सांगितलेली नाही.

आता ज्यू म्हटलं की आपल्याला फार लांबचं वाटतं. पण आपल्या अलिबागकडचे बेने इस्राएल लोक पिढ्यान् पिढ्या घरात मराठीच बोलत आले. तेलाचा घाणा चालवायचे, शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. त्यांच्या धर्मातल्या पंडितांनी, म्हणजे रब्बींनी, या दोन शब्दांवर शेकडो वर्षं वाद घातलाय. तो ज्या ग्रंथात साठवलाय त्याचं नाव तालमूद. तिथे एक वेगळंच मत सापडतं. ते म्हणतात, दहा आज्ञांमधली ही चोरी म्हणजे माणसाची चोरी. कुणाला पळवून नेणं, गुलाम म्हणून विकणं. आणि त्याला शिक्षा मृत्यूची. वस्तूंच्या चोरीची मनाई वेगळी आहे, लेवीय या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात.

हा फरक महत्त्वाचा आहे. त्याच भागातला, साधारण पावणेचार हजार वर्षांपूर्वीचा हम्मुराबी राजाचा कायदा बघा. देवळाचा किंवा राजवाड्याचा बैल चोरला तर तीसपट भरा, साध्या माणसाचा चोरला तर दहापट. आणि भरायला काही नसेल तर? ठार मारा. बायबलमध्ये वस्तूच्या चोरीसाठी जीव घेत नाहीत, हात तोडत नाहीत, तुरुंगही सांगितलेला नाही. राजाचा बैल महाग आणि गरिबाचा स्वस्त, असंही नाही. उजाडल्यावर घरात शिरलेल्या चोराला मारलं, तर मारणाऱ्यावर खुनाचा दोष येतो. चोराचाही जीव मोजलाय.

मग शिक्षा काय? परतफेड. मेंढरू चोरून कापलं किंवा विकलं तर चार मेंढरं द्या. बैल असेल तर पाच. जनावर जिवंत हाती सापडलं तर दुप्पट. भरायला काहीच नसेल तर कामाला जुंपून वसूल करा, हा भाग आज वाचताना टोचतो आणि टोचायलाच हवा.

पण बैलाला पाच आणि मेंढराला चार, असं का? तालमूदमध्ये यावर दोन उत्तरं आहेत. रब्बी मेईर म्हणतात, बैल शेतात राबतो. त्याला नेलं म्हणजे मालकाचं काम बुडालं, म्हणून एक जास्त. आपल्याला हे लगेच पटतं. बैलजोडीतला एक बैल गेला की शेतकऱ्याचं काय होतं, हे आपल्याला कोणी सांगायला नको. दुसरं उत्तर योहानान बेन जक्काई यांचं. बैल स्वतःच्या पायांनी चालतो, पण मेंढरू चोराला खांद्यावर टाकून न्यावं लागतं. त्यात त्याची जी शोभा झाली, तिची एका मेंढराइतकी सूट! चोराच्या लाजेचासुद्धा हिशोब. मी हे वाचून आधी हसलो, मग थोडा वेळ गप्प बसलो.

याच योहानान बेन जक्काईंना शिष्यांनी विचारलं, की चोराला दुप्पट आणि उघड लुटणाऱ्या दरोडेखोराला फक्त मूळ रक्कम, हे कसं काय? दरोडेखोर तर जास्त वाईट ना? त्यांच्या उत्तराचा सारांश असा: दरोडेखोर माणसांनाही भीत नाही आणि देवालाही भीत नाही, निदान दोघांना सारखंच वागवतो. चोर मात्र माणसांची नजर चुकवतो, म्हणजे माणसांना भितो, आणि वरच्याची नजर असल्याचं त्याच्या खिजगणतीतही नसतं. रात्रीच्या गर्दीची वाट बघणारे आम्ही चार-पाच जण मला इथे दिसले.

अजून एक. रब्बींच्या जुन्या परंपरेत सात प्रकारचे चोर सांगितलेत, आणि त्यात पहिला नंबर माल चोरणाऱ्याचा नाही. पहिला नंबर आहे लोकांचं मन चोरणाऱ्याचा, म्हणजे समोरच्याच्या मनात खोटा समज करून देणाऱ्याचा. मी डब्यात झेरॉक्स टाकायचो आणि काका मान हलवून ताट द्यायचे. डाळभात ही नंतरची गोष्ट झाली. आधी त्यांचा विश्वास गेला.

बरं, चोरी म्हणजे फक्त दुसऱ्याचं उचलणं नाही. मजुराची मजुरी सकाळपर्यंत स्वतःकडे ठेवू नका, असं लेवीयमध्ये आहे, आणि ते चोरी-लुबाडणुकीच्याच ओळीत येतं. नव्या करारात याकोबाच्या पत्रात तर शेतमजुरांची अडवलेली मजुरीच मालकांविरुद्ध ओरडते, असं चित्र आहे. घरकामाच्या मावशींचा पगार "उद्या देतो, जीपे चालत नाहीये" म्हणून चार दिवस लांबवणारे आपण सगळे यात येतो. खोटी वजनं, सरकवलेला बांध, सापडलेली वस्तू गुपचूप ठेवून घेणं, सगळं याच यादीत.

उलट बाजूही बघा. शेजाऱ्याच्या द्राक्षमळ्यात शिरून पोटभर द्राक्षं खाल्लीत तर चालतं, टोपलीत भरून न्यायची नाहीत. कापणी करताना शेताच्या कडा सोडायच्या, त्या गरिबाच्या हक्काच्या. येशूचे शिष्य भुकेले होते तेव्हा त्यांनी दुसऱ्याच्या शेतातली कणसं तोडून खाल्ली. लोकांनी आक्षेप घेतला तो शब्बाथाच्या दिवशी तोडली म्हणून. चोरी केली असं कोणीही म्हटलं नाही! म्हणजे भूक आणि चोरी यांत हे ग्रंथ फरक करतात. आता मी म्हणू शकलो असतो की आम्हीही भुकेले विद्यार्थी होतो. पण वाचलेल्या पैशांत आम्ही पिक्चर बघितले. त्यामुळे ती पळवाट बंद.

आता मुख्य मुद्दा. मला वाटायचं धर्मात चोरीचं उत्तर सोपं असतं. वाईट वाटून घ्या, देवाची क्षमा मागा, झालं. इथे तसं नाहीये. गणना या पुस्तकात म्हटलंय, आधी कबूल करा, मग मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा त्या माणसाला द्या. तो माणूस नसेल आणि घेणारा नातेवाईकही नसेल, तरी रक्कम तुमच्याकडे राहत नाही, ती याजकाकडे जाते. लेवीयमध्ये क्रम स्पष्ट आहे: परतफेड आधी, देवाला अर्पण नंतर. ज्यूंचा सगळ्यात पवित्र उपवासाचा दिवस योम किप्पूर. त्याबद्दल रब्बी म्हणतात, माणसाविरुद्धचा अपराध त्या दिवशीही फिटत नाही, जोपर्यंत तुम्ही त्या माणसाची समजूत काढत नाही. आणि येशूही डोंगरावरच्या प्रवचनात तेच सांगतो. वेदीपर्यंत आलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याबद्दल काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, समेट कर, मग ये. थोडक्यात, देव मधल्यामध्ये तुमचं बिल भरत नाही.

पण ही वाट अशक्यही करून ठेवलेली नाही. समजा कोणी तुळई चोरली आणि ती घालून मोठा वाडा बांधला. आता? शम्मायच्या गटाचे पंडित म्हणाले, वाडा पाडा आणि तीच तुळई परत द्या. हिल्लेलच्या गटाचे म्हणाले, नको, किंमत द्या. कारण वाडा पाडायचा म्हटलं तर कोणी कबूलच करणार नाही. मान्य झालं ते हिल्लेलवाल्यांचं. आणि ज्यांनी असंख्य लोकांना लुबाडलंय, उदाहरणार्थ जकातदार, त्यांचं काय? जे माहीत आहेत त्यांना परत करा. बाकीच्यांसाठी सगळ्यांच्या उपयोगाचं काही करा, पाण्याची सोय वगैरे.

आता लूकच्या शुभवर्तमानातला जक्कय आठवा. यरीहोचा मुख्य जकातदार, बुटका, गर्दीत येशू दिसेना म्हणून उंबराच्या झाडावर चढलेला. येशू त्याच्या घरी उतरतो, तेव्हा जक्कय म्हणतो की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि ज्याला फसवलं असेल त्याला चौपट. मला वाटतं, हा नुसता भावनेच्या भरातला उदारपणा नाही. चौपट हा मेंढराचा दर आहे, त्याच्या लोकांच्या कायद्यातला. माहीत असलेल्यांना चौपट, आणि जे आठवत नाहीत त्यांच्यासाठी गरिबांना अर्धं. आणि पौल इफिसकरांच्या पत्रात याच्या एक पाऊल पुढे जातो. चोराने चोरी थांबवावी, हातांनी कष्ट करावेत, कशासाठी? गरजूला द्यायला आपल्याकडे काहीतरी असावं म्हणून. घेणारा हात देणारा झाला पाहिजे, एवढी अपेक्षा.

हे वाचल्यावर मी ठरवलं की एखाद्या अन्नछत्राला पैसे देऊन टाकू. सोपं, ऑनलाइन, पावतीसुद्धा मिळते. पण ती सवलत ज्यांना मालक सापडत नाही त्यांच्यासाठी आहे, आणि मी तर काकांना शोधलंच नव्हतं. शोधायला किती वेळ लागला माहितीये? दोन फोन. हॉस्टेलच्या जुन्या वॉचमनकाकांकडे त्यांच्या मुलाचा नंबर होता.

हिशोब केला. ४२ गुणिले ४५, १८९० रुपये. पाचवा हिस्सा ३७८. एकूण २२६८. पकडलो गेलो असतो तर दुप्पट, ३७८०. स्वतःहून कबूल करणाऱ्याचा दर लावला.

फोन लावला. काकांना मी आठवलो नाही. सगळं सांगितलं, बोलताना जीभ अडखळत होती. मनात कुठेतरी खात्री होती की ते म्हणतील, "अरे राहू दे रे बाळा, पोरं होतात तुम्ही." तसं ते म्हणाले असते तर मी मोकळा झालो असतो, पैसेही वाचले असते आणि छान गोष्टही झाली असती.

ते तसं म्हणाले नाहीत. थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "किती होतात?"

मी आकडा सांगितला. "आणि हे वरचे कसले?"

"उशीर केला त्याचे, काका."

"बरं. मुलाच्या नंबरवर टाक." आणि मग म्हणाले, "त्या वर्षी रात्रीचं जेवण कायम कमी पडायचं. हिला वाटायचं तिचंच माप चुकतंय."

पैसे मी टाकले, ते पोचले. पण काकूंना इतके महिने स्वतःचं माप चुकतंय असं वाटत होतं, त्याची किंमत माझ्या हिशोबात कुठेच नव्हती. ती कशी लावायची तेही कळत नाही. मी त्यांना फोनवर द्यायला सांगितलं, त्या घरी नव्हत्या. येत्या रविवारी परत करणार आहे.

तुमच्याही वहीच्या शेवटच्या पानावर अशा काही रेघा असतील, तर आधी फक्त आकडा काढून बघा. पुढचा फोन बहुतेक तुम्हाला वाटतो तितका अवघड नसतो. अवघड असतोच, पण दोन कॉलचं काम असतं.

आज इथेच थांबतो. भाग आवडला तर मित्रांना पाठवा, खासकरून हॉस्टेलच्या ग्रुपवर. माझ्या ग्रुपवर मी पाठवलाय, अजून कोणी काही बोललं नाहीये. भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या!