मेंदूचे राखणदार



मेंदूलाही स्वतःचे राखणदार असतात. १९१९ साली स्पेनमधील पीओ देल रिओ-ओर्तेगा यांनी चांदीच्या क्षाराने या पेशी रंगवून त्यांना ‘मायक्रोग्लिया’ हे नाव दिले. मृत पेशींचा कचरा उचलावा, जंतूंशी झुंजावे, हे त्यांचे काम. प्रयोगशाळेत त्या नवजात उंदराच्या मेंदूतून काढून काचपात्रात वाढवितात. १९९० साली तर विषाणूच्या साहाय्याने अखंड वाढणारा ‘बीव्ही-२’ हा त्यांचा वंशही सिद्ध झाला. परंतु मेंदूबाहेर काढल्यावर काही तासांतच या पेशींचे मूळ वळण पालटू लागते. तेव्हा काचपात्राची साक्ष जिवंत मेंदूत पडताळून पाहिल्यावाचून तिच्या भरवशावर स्मृतिभ्रंशाच्या रोग्याला आशा दाखवू नये, एवढेच माझे सांगणे.