पॉइंट तेवीस

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज वहिनीमंडळीही बऱ्याच संख्येने आल्या आहेत, बरं वाटलं. विषय पुरुषांचा असला तरी निभवावा लागतो तुम्हालाच.

चार वर्षांपूर्वी माझं प्रोस्टेट कॅन्सरचं ऑपरेशन झालं. सी विंगपर्यंत जाईतो त्याचं 'हर्नियाचं ऑपरेशन' झालं होतं, पण ते असो. अक्रोडाएवढी ती ग्रंथी डॉक्टरांनी पूर्ण काढली. त्यानंतर दर सहा महिन्यांनी मी पीएसए नावाची रक्ततपासणी करतो. आज बोलणार आहे ते त्या आकड्याबद्दल.

पीएसए हे प्रोस्टेटच्या पेशींनी तयार केलेलं प्रथिन. ग्रंथीच काढली म्हटल्यावर रक्तात ते जवळजवळ शून्यावर यायला हवं. माझं आलं. दोन वर्षं रिपोर्टवर नुसतं '०.०१ पेक्षा कमी' असायचं. मग ०.०८, मग ०.१२, मग ०.१७, आणि गेल्या महिन्यात ०.२३.

आता गंमत बघा. लॅबच्या रिपोर्टवर शेजारच्या रकान्यात छापलेलं असतं, नॉर्मल ० ते ४. त्यामुळे माझा आकडा ठळक अक्षरात नाही, पुढे बाण नाही, काही नाही. कट्ट्यावर सांगितलं तर एकजण म्हणाले, "अहो, माझा तर तीन आहे! तुम्ही कशाला घाबरता?" त्यांचा तीन ठीकच आहे, त्यांची ग्रंथी जागेवर आहे. ज्याची काढलेली आहे त्याला तो ० ते ४ चा रकाना लागूच नाही. ऑपरेशननंतर ०.२ झाला आणि पुन्हा तपासल्यावरही तेवढा किंवा जास्त आला, तर कुठेतरी पेशी शिल्लक आहेत असं डॉक्टर धरून चालतात. आपल्या सोसायटीत हे ऑपरेशन झालेले मी एकटाच नाही. म्हणून सांगतो, रिपोर्ट स्वतः वाचून फाइलला लावू नका. डॉक्टरांना दाखवा. आणि दर वेळी एकाच लॅबमध्ये करा. यंत्रं वेगळी असली की दशांशात फरक पडतो, आणि आपला सगळा खेळ दशांशाचाच आहे.

बँकेत नव्वद दिवस हप्ता आला नाही की खातं एनपीए व्हायचं. पण त्याआधीच काही खाती आम्ही वेगळी काढायचो. अजून बुडीत नाहीत, पण चांगलीही म्हणता येत नाहीत. सध्या मी त्या यादीत आहे. दुसरी तपासणी पुढच्या आठवड्यात आहे.

मुलगा बंगळूरहून रोज फोन करतो, "बाबा, पेट स्कॅन करून टाका." डॉक्टरांचं म्हणणं, इतक्या कमी आकड्यावर पीएसएमए पेट स्कॅनमध्येही पुष्कळदा काहीच दिसत नाही, आणि दिसलं नाही म्हणजे नाही असंही नाही. त्यांच्या मते आकड्याइतकाच त्याचा वेग महत्त्वाचा. किती महिन्यांत दुप्पट होतो? चक्रवाढ व्याजाचा हिशेब, आयुष्यभर तेच केलं! माझा साधारण वर्षभरात दुप्पट होतोय. सहा महिन्यांत झाला असता तर गोष्ट वेगळी होती. पाच वर्षं लागली असती तर मी आज इथे भाषणाला उभाच राहिलो नसतो, तुम्हालाही चहा लवकर मिळाला असता.

उपाय आहे. ग्रंथी होती त्या जागी रेडिएशन. आकडा लहान असतानाच दिलं तर ते जास्त लागू पडतं, ०.५ च्या आत तर बरंच. पण त्याची किंमतही ऐका. साधारण सहा-सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस रोज जायचं. लघवी-शौचाचे त्रास वाढू शकतात. आणि प्रत्येक वेळी मूत्राशय भरलेलं लागतं. ऑपरेशननंतर ज्याला खोकलं तरी धाक वाटतो, त्याने पाणी पिऊन, रोखून धरून टेबलावर पडून राहायचं!

दुसरी बाजूही आहे. १९९९ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी ऑपरेशन झालेल्या जवळपास २००० रुग्णांचा अभ्यास छापला. पीएसए पुन्हा वाढलेल्या ३०४ जणांचा पुढचा प्रवास त्यात तपासला होता. तेव्हापासून कॅन्सर दुसरीकडे पसरलेला दिसेपर्यंतचा मध्यक काळ होता आठ वर्षं, आणि तोही मधे हार्मोनचे उपचार न देता. म्हणजे सरासरीच्या भाषेत मी त्र्याऐंशीचा होईन. डॉक्टरांनी हे समजावलं तेव्हा सौ. म्हणाली, "मग त्र्याऐंशीला काय करायचं ते आत्ता ठरवू या." ती फाइल ठेवते, माझ्यापेक्षा नीट.

आमचं ठरलं ते असं. दुसरा आकडाही ०.२ च्या वर आला तर रेडिएशन घ्यायचं. माझी बाकी तब्येत ठीक आहे, आणि आज करता येणारी गोष्ट उद्यावर टाकून दर सहा महिन्यांनी धास्तावणं मला जमणार नाही. ज्याला मधुमेह, हृदयविकार आहे, वय पंच्याऐंशी आहे, त्याने थांबायचं ठरवलं तर तेही शहाणपणाचंच असेल. माझा निर्णय कुणी उचलू नये.

तपासणीच्या आधीच्या आठवड्याचं मात्र औषध मिळालेलं नाही. कंबर दुखली की वाटतं, हाडात गेलं. मग आठवतं, काल कुंड्या हलवल्या होत्या. त्या आठवड्यात मला "काही होत नाही हो" म्हणू नका. त्यापेक्षा पत्त्यांना बोलवा.

आता कमिटीला एक विनंती, ती इतिवृत्तात यावी. क्लब हाऊसच्या स्वच्छतागृहाला संध्याकाळी सहानंतर कुलूप असतं. या ऑपरेशननंतर कित्येक महिने, काहींना कायमचं, लघवीवर पूर्ण ताबा राहत नाही. ज्यांचं ऑपरेशन झालेलं नाही पण ग्रंथी वाढलेली आहे, त्यांनाही घाई होते. आपल्यातले काहीजण संध्याकाळी खाली उतरायचे बंद झाले आहेत, ते गुडघ्यांमुळे नव्हे. रात्री दहापर्यंत किल्ली वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवावी, आणि आत झाकणाचा एक डबा ठेवावा, पॅड टाकायला. खर्च दोनशे-तीनशे रुपये. मंजुरीला जनरल बॉडी लागू नये.

कुणाला खासगीत काही विचारायचं असेल तर सकाळी साडेसहाला मी गेटजवळच्या बाकावर असतो. पुढच्या गुरुवारी नसेन, रक्त द्यायला जायचंय.